पुणें शहर आणि आंबील ओढा

पुणें शहराच्या इतिहासावर आजवर जें लेखन झालें आहे त्यांत वाडे, पेठा, देवळें आणि घराणीं यांस मोठें स्थान मिळालें आहे, व तें योग्यच आहे. परंतु ज्या पाण्यावर हें शहर वाढलें आणि ज्या पाण्यानें तें वेळोवेळीं बुडविलें, त्या पाण्याचा इतिहास बहुतेक ठिकाणीं एका परिच्छेदांत उरकलेला आढळतो. ता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजकडील डोंगरांत थोडक्या तासांत अतोनात पाऊस होऊन आंबील ओढ्यास पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला वसाहत या भागांत भिंती कोसळून व माणसें वाहून जाऊन अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर कित्येक दिवस शहरांत एकच प्रश्न ऐकूं येत होता कीं, हा ओढा आला कोठून? ज्यांची रोजची ये-जा त्याच्याच पुलावरून होती त्यांनाही तो एक नाला यापलीकडे ठाऊक नव्हता. भिंती किती उंच बांधाव्या, मोऱ्या किती रुंद कराव्या, हें सांगणें स्थापत्यविशारदांचें काम आहे, आमचें नव्हे. पण ओढा पूर्वी कोठून वाहत होता, तो कोणीं व कां वळविला, आणि वळविल्यावर त्याच्यासाठीं जी मोकळी जागा राहिली होती ती पुढें कोणाच्या घशांत गेली, हें सांगण्याचें काम जुने कागद चाळणारांचें आहे. तें आमच्याकडून व्हावें तितकें झालेलें नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम जमिनीची स्थिति पाहूं. जुनें पुणें म्हणजे कसबा. तो मुठेच्या उजव्या तीरावर उंचवट्यावर वसलेला असून त्याच्या पूर्वेस नागझरी व पश्चिमेस आंबील ओढा असे दोन प्रवाह दक्षिणेकडून येऊन नदीस मिळत. उत्तरेस नदी, दोहों बाजूंस ओढे, अशी ही जागा संरक्षणास चांगली. पावसाळ्यांत मात्र हेच ओढे गांवाची कोंडी करीत. पैकीं नागझरी तुलनेनें लहान. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांत उगम पावून पर्वतीच्या पायथ्याजवळून येणारा. त्याचा उतार तीव्र, त्यामुळें डोंगरांत पडलेला पाऊस फार लवकर गांवांत पोहोंचे. नदीचा पूर चढतांना दिसतो, माणसाला सामान आवरावयास अवधि देतो. ओढ्याचा पूर तसा नसतो. तो रात्रींत येतो आणि सकाळीं ओसरून गेलेला असतो. पुणेंकरांस या दोहोंतील भेद विसरण्याची संवय लागली, व ती संवय महाग पडली, हें पुढें येईलच.

शहाजी राजांच्या जहागिरीच्या काळीं, जिजाबाई व दादोजी कोंडदेव पुण्यांत असतांना, आंबील ओढ्यास पर्वतीजवळ बांध घालून गांवाचें रक्षण केलें अशी परंपरा आहे. उद्ध्वस्त झालेलें गांव पुनः वसवावयाचें असेल तर अगोदर त्यांत शिरणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त करावा लागतो, हें अनुमान या परंपरेस पोषक आहे. तथापि अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. समकालीन कागदाच्या आधारावांचून या बांधाविषयीं यापेक्षां अधिक लिहिणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीपासून मात्र आपले पाय कठीण जमिनीवर येतात. बाळाजी बाजीराव यांनीं पुण्यास राजधानीचें स्वरूप दिलें हें सर्वांस विदित आहे. पण त्यांनीं आंबील ओढ्यासंबंधानें जीं तीन कामें केलीं तीं एकत्र ठेवून पाहिलीं म्हणजे त्यांतील योजकता लक्षांत येते. पहिलें, सन १७५० च्या सुमाराचें कात्रजच्या तलावाचें व नळाचें काम. ओढ्याच्या उगमाजवळच पाणी अडवून तें दगडीबांधी भुयारी नळानें सुमारें पांच मैल आणून शनिवारवाड्यांत व शहरांतील हौदांत सोडलें. दुसरें, पर्वतीच्या पायथ्याशीं ओढ्यास बांध घालून केलेला तलाव. तिसरें, १७५५ च्या सुमारास ओढ्याचा मूळ प्रवाह गांवांत येऊं न देतां पर्वतीपासून वायव्येकडे वळवून लकडी पुलाच्या वरच्या अंगास मुठेंत सोडणें. उगमापाशीं पाणी धरलें, मध्यें पसरावयास जागा दिली, आणि उरलेलें गांवाबाहेरून नेलें. सन १८८५ च्या पुणें ग्याझेटियरांत या कामांची माहिती आलेली आहे. परंतु तेथें नळ पाणीपुरवठ्याच्या प्रकरणांत, तलाव प्रेक्षणीय स्थळांत आणि ओढा नदीनाल्यांच्या वर्णनांत, अशी त्यांची फाटाफूट झालेली आहे. त्यानंतरच्या लेखकांनींही तोच क्रम चालविला, आणि एका योजनेच्या तीन निरनिराळ्या हकीकती होऊन बसल्या.

कात्रजच्या नळाविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण त्याचा पुष्कळसा भाग अद्याप जमिनीखालीं आहे. तलाव एकाखालीं एक असे दोन असून वरच्या तळ्यांत गाळ बसावा व खालच्यांत निवळ पाणी यावें असा त्यांतील हेतु दिसतो. नळ म्हणजे लोखंडाचा वा खापराचा नव्हे. माणूस आंत उतरून चालूं शकेल असा बांधीव बोगदा आहे, आणि ठराविक अंतरावर त्यास उच्छ्वास, म्हणजे हवेसाठीं व गाळ उपसण्यासाठीं उभ्या विहिरीसारखे चुनेगच्ची मनोरे बांधलेले आहेत. सातारच्या रस्त्यानें जाणारास त्यांपैकीं कांहीं आजही दिसतात. बरेच रस्तारुंदींत नाहींसे झाले. पाणी उचलण्याचें कोणतेंही यंत्र नाहीं, सारा व्यवहार जमिनीच्या उतारावर चालतो. पुढें नाना फडणविसांनीं आंबेगांवाकडून आपला स्वतंत्र नळ आणला, व रास्ते यांचाही नळ झाला. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद हीं नांवें चौकांस व रस्त्यांस चिकटून राहिलीं आहेत. पाणी गेलें, नांव राहिलें.

आतां ओढा वळविल्याचा परिणाम. कसब्याच्या पश्चिमेस जी ओलसर, पुराच्या भयानें ओस राहिलेली जमीन होती ती वस्तीस मोकळी झाली, आणि पेशवाईच्या उत्तरार्धांत सदाशिव व नारायण पेठांचा जो विस्तार झाला त्याचें एक मूळ येथें आहे असें आम्ही समजतों. म्हणजे आज ज्या भागांत आमचे पुष्कळसे वाचक राहतात आणि ज्या भागांत शहरांतील जुन्या दप्तरांचा मोठा सांठा आहे, तो भाग एका वळविलेल्या ओढ्याच्या कृपेनें कोरडा आहे. ज्या बाजूस पाणी वळविलें ती बाजू त्या वेळीं बागा, कुरणें आणि रमणा यांची होती. पर्वतीचा तलाव, त्याच्या कांठचा हिराबाग, मध्यें राखलेलें बेट, ज्यावर पुढें १७८४ त सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत गणपतीची स्थापना झाली, हा सर्व परिसर विहाराचा म्हणून वर्णिला जातो. तो विहाराचा होता खरा. पण पुराचें पाणी आलें तर त्यानें कोणाचें घर पडणार नाहीं अशीच ती जागा होती, हेंही नमूद करावयास हवें. हें सर्व हेतुपूर्वक केलें होतें कीं सहज जुळून आलें, या प्रश्नाचें उत्तर आज आम्ही देत नाहीं. हेतूचा उल्लेख कागदांत सांपडेपर्यंत परिणामाचाच उल्लेख करावा, हा नियम आपल्या शास्त्रांत बरा.

येथें कालनिर्णयासंबंधीं एक सूचना संशोधकांनीं ध्यानांत ठेवावी. ओढा वळविल्याचें साल १७५५ असें जें दिलें जातें त्यांत एका वर्षाचा फरक सहज पडूं शकतो. पेशवेदप्तरांतील सुहूर सन मृगापासून, म्हणजे जूनच्या आरंभापासून, सुरू होतो. खमस खमसैन मया व अलफ हें साल १७५४ च्या जूनांत लागून १७५५ च्या जूनांत संपतें. कागदावर हें साल असून त्यांत श्रावणांतील पुराचा उल्लेख आला तर तो पूर १७५४ चा. १७५५ चा नव्हे. इतर विषयांत एक वर्ष मागेंपुढें झाल्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु पूर आल्यामुळें ओढा वळविला कीं ओढा वळवितांना पूर आला, हें ज्याला ठरवावयाचें आहे त्याला एका पावसाळ्याची चूक परवडत नाहीं.

इंग्रजी अमदानीची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खडकवासल्याचें दगडी धरण झालें आणि शहर व छावणी यांचा पाणीपुरवठा हळूहळू नदीच्या पाण्याकडे गेला. कात्रजचा नळ दुय्यम ठरला, पर्वतीचा तलाव उपेक्षिला जाऊन आटला, आणि विसाव्या शतकांत त्या जागीं सारसबाग झाली. कोणीही हेतुपुरस्सर ओढ्याची जागा हिरावून घेतली नाहीं. ज्या वस्तूचा उपयोग राहत नाहीं तिच्या मर्यादेची आठवणही राहत नाहीं, एवढेंच झालें. शहराची भीति व भरंवसा हीं दोन्ही एका नदीकडे लागलीं. ओढा विस्मरणांत गेला.

या स्थितींत ता. १२ जुलै १९६१ चा दिवस उगवला. आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण पुरें होण्याच्या आधींच त्या पावसाळ्यांत त्यांत पाणी सांठूं दिलें होतें. पाणी सोडण्याच्या मार्गाचें काम अपुरें होतें व त्याच्यावरील भराव खचूं लागला. आदल्या रात्रीं लष्कराच्या जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून धरणाचा माथा उंच ठेवण्याची शर्थ केली, आणि त्यामुळें जे कांहीं तास लांबले त्यांत फार प्राण वांचले असें मानतात. कारण धरण रात्रीं न फुटतां सकाळीं फुटलें. त्याच दिवशीं कांहीं तासांनीं खडकवासल्याची जुनी भिंतही त्या लोंढ्यापुढें टिकली नाहीं. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांचा नदीलगतचा भाग, पुलाची वाडी, डेक्कनचा परिसर हीं सर्व पाण्याखालीं गेलीं. ओंकारेश्वराचें देऊळ पाण्यांत बुडून पुनः बाहेर निघालें, पण त्याच्या मागची वस्ती निघाली नाहीं. याचें कारण उघड आहे. नदीकांठच्या देवळांचें बांधकाम पाणी अंगावरून जाणार हें धरूनच घडीव दगडांत केलेलें असतें. वाड्यांचें जोतें दगडाचें असलें तरी वरच्या भिंती कच्च्या विटांच्या व मातीच्या. पाण्यानें त्या लगेच पडल्या नाहींत, पाणी ओसरल्यावर भिजून बसल्या. कित्येक वाडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कोसळले.

त्या वाड्यांबरोबर जीं दप्तरें गेलीं त्यांची गणती कोणीं केलेली नाहीं व आतां होणें शक्यही नाहीं. माळ्यावर ठेवलेले रुमाल कोठें कोठें वांचले. तळघरांत, ओटीवरच्या फडताळांत, देवघराच्या कोनाड्यांत ठेवलेले गेले. चिखलांतून काढून उन्हांत वाळविलेल्या कागदांची पुढें लाकडासारखीं ठोकळीं झालीं, तीं उघडतांना तुकडे पडले. याविषयीं संग्राहकांस दोन शब्द सांगणें अवश्य वाटतें. जुन्नरी कागद व काजळाची शाई हीं दोन्ही पाण्यास बरींच टिकतात. काजळ पाण्यानें फिकें पडत नाहीं, पण ओलें असतां बोट लागलें तर पुसून निघतें. म्हणून भिजलेला रुमाल ओला असतां सोडूं नये, चोळूं नये, उन्हांत टाकूं नये. सावलींत, वाऱ्यावर, टिपकागदांत हळूहळू सुकूं द्यावा व पानें आपसुक सुटूं लागलीं म्हणजेच वेगळीं करावीं. विलायती शाईच्या कागदांस हा भरंवसा देतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे पुष्कळ कागद जुन्या मोडी कागदांहून लवकर नाहींसे होतात तें यामुळें. आणि सर्वांत आधीं, तळमजल्यावर दप्तर ठेवूं नये. हें लिहितांना आम्हांस थोडा संकोच होतो, कारण इतकें साधें सांगावें लागूं नये. परंतु गेल्या कांहीं वर्षांत ज्या ज्या घरीं आम्ही कागद पाहण्यास गेलों त्यांपैकीं बहुतेक ठिकाणीं पेटी जिन्याखालींच होती.

पानशेतच्या पुरानंतर शहराचें पुनर्वसन झपाट्यानें झालें. सदाशिव गोविंद बर्वे यांच्याकडे तें काम आलें व त्यांनीं तें नांव घेण्यासारखें केलें, याविषयीं दुमत नाहीं. लोकमान्यनगर, गोखलेनगर, दत्तवाडी, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांसाठीं वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगरांतील निसेन हट अनेकांच्या स्मरणांत आहेत. माणसांना नदीपासून दूर न्यावयाचें हें त्या वेळचें मुख्य धोरण, आणि डोळ्यांसमोर नदीनें केलेला संहार असतांना दुसरें सुचणार तरी काय? परंतु नदीपासून दूर जातांना त्यांतील कांहीं वस्ती आंबील ओढ्याच्या शेजारीं गेली. जी जमीन दोनशें वर्षांपूर्वी मोकळी होती व जींत नानासाहेबांनीं ओढा लोटून दिला होता, तिच्यांतच हीं घरें झालीं. पुढील अर्धशतकांत वसाहतीभोंवतीं वसाहती झाल्या, ओढ्याचे कांठ भराव घालून पुढें आले, कोठें त्यावर स्लॅब पडली, कोठें संरक्षक भिंतीनें त्याची रुंदी निम्मी केली. डोंगरउतारावर झाडी होती तेथें पक्के रस्ते व इमारती झाल्यामुळें पाणी जिरण्याचें थांबलें व पूर्वीपेक्षां लवकर खालीं येऊं लागलें. त्यांत अलीकडे थोड्या वेळांत फार पाऊस पडण्याचे प्रसंग वाढले आहेत. २०१९ च्या सप्टेंबरांत जें घडलें त्याचीं कारणें शोधण्यास दूर जावें लागत नाहीं.

त्यानंतर ओढ्याचें पात्र सरळ व रुंद करण्याची योजना निघाली. दांडेकर पुलाजवळील वस्ती हटविण्याचें काम २०२१ च्या जूनांत सुरू होतांच मोठा विरोध झाला व प्रकरण न्यायालयांत जाऊन कारवाईस स्थगिती मिळाली. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाहीं. आमचें लक्ष त्यांतील एका गोष्टीकडे गेलें. ओढ्याचें खरें पात्र कोणतें, या प्रश्नावर दोन्ही पक्ष नकाशे दाखवीत होते, आणि ते सर्व नकाशे अलीकडचे होते. पेशवाईपर्यंत मागें जाऊन बोलणारा त्यांत कोणी नव्हता. आम्ही नव्हतों, हें प्रथम कबूल केलें पाहिजे.

वस्तुतः साधनें आहेत. पुण्यांतील घरजागेच्या जुन्या खरेदीखतांत, दानपत्रांत व वाटणीपत्रांत चतुःसीमा लिहिण्याची चाल होती. पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस ओढा, असा मजकूर त्यांत येतो. हा मजकूर आजवर आपण वगळीत आलों. कागद छापतांना घेणाराचें व देणाराचें नांव, किंमत, साक्षी व मिति उतरून घ्यावयाची आणि चतुःसीमेच्या जागीं टिंबें द्यावयाचीं, ही आपल्या संपादनांतील रूढ रीत आहे. घराण्याच्या इतिहासाला सीमा निरुपयोगी, म्हणून. त्या टिंबांत ओढ्याचा इतिहास गेला. एकाच पेठेंतील पन्नास-साठ खतांच्या सीमा एकत्र करून शहरमोजणीच्या जुन्या नकाशावर मांडल्या, तर ओढ्याचें मूळ पात्र, वळविल्यावर मोकळी झालेली जमीन आणि ती वस्तीखालीं येण्याचा क्रम हीं दशकांच्या अंतरानें लावतां येतील असा आमचा अदमास आहे. एका खतांत "ओढा" व तीस वर्षांनंतरच्या त्याच जागेच्या खतांत "जुना ओढा" किंवा नुसतें "पडीत" असें आलें, तर त्या दोन शब्दांच्या मधल्या काळांत काय झालें तें उघड होतें. कोतवालीकडे घरजागांच्या देवघेवीची नोंद होत असल्यामुळें तिकडूनही पडताळा मिळावा. कात्रजच्या नळाचें पाणी खाजगी वाड्यांत घेण्यासंबंधींचे परवाने व तक्रारीही याच कामीं उपयोगी आहेत, कारण नळ कोठून फुटला, कोणत्या बोळांत पाणी सांचलें, याचा उल्लेख तेथेंच असणार.

तरी ज्यांच्या संग्रहीं पुणें शहरांतील घरजागेचीं, बागांचीं वा पर्वतीखालील जमिनींचीं सन १८१८ पूर्वींचीं खतें असतील त्यांनीं त्यांतील चतुःसीमेचा मजकूर, शब्द न बदलतां, मूळ मिति व सन जसा असेल तसाच ठेवून, उतरून पाठवावा. सन स्वतः इसवींत फिरवून पाठवूं नये. मूळ कागद पाठविण्याचें कारण नाहीं. छायाचित्र असल्यास उत्तम. ज्या कागदांत ओढा, नाला, झरा, बांध, पाट, मोरी, हौद, नळ यांपैकीं एकही शब्द असेल तो, किंमत कितीही क्षुल्लक व पक्षकार कितीही अप्रसिद्ध असले तरी, या कामास पाहिजे आहे.